आधी मोजणी, मग दावा : सीमाभागातील जमिनीच्या खटल्यांबाबत महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळुरू

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हल्याळ या तालुक्यांत जमिनीचे दिवाणी दावे चालवणारे वकील आणि मोजणीचे काम जवळून जाणणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. राज्यघटनेच्या कलम ३५० ने गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा अधिकार दिला आहे, आणि ज्यांच्या वतीने लिहितो त्यांनाही पत्र वाचता यावे, म्हणून ते मराठीत आहे. मागणी एकाच कामाची आहे. या तालुक्यांतल्या ज्या सर्व्हे नंबरांची फोड (हिस्सेवार मोजून वेगळे नंबर पाडणे) झालेली नाही, त्यांची मोजणी सरकारने अर्जाची वाट न पाहता गाववार करावी. ती होईपर्यंत कोर्टाने हुकूम केलेल्या मोजणीला तरी सर्व्हेअर मुदतीत मिळावा.

अतिक्रमणाचा दावा म्हटला की बाहेरच्या माणसाने येऊन जमीन बळकावली, असे चित्र डोळ्यांसमोर येते. आमच्या भागातल्या पुष्कळ दाव्यांत वादी आणि प्रतिवादी या दोघांचीही नावे एकाच उताऱ्यावर असतात. चार एकरांचा एक नंबर घ्या. आजोबांच्या पिढीत तीन भावांची तोंडी वाटणी झाली, मध्ये बांध पडले, ज्याचा तुकडा तो कसू लागला. पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्याच्या, कॉलम ९ मध्ये मात्र तिघांची नावे एकत्र आणि प्रत्येकापुढे १ एकर १३ गुंठे ५ आणे (१६ आण्यांचा १ गुंठा). कोणाचा हिस्सा उत्तरेला, कोणाचा रस्त्याच्या अंगाला, हे उतारा सांगत नाही. गाव नकाशातही ते नसते, कारण त्यात मूळ नंबरची हद्द असते आणि आतली वाटणी फोड झाल्याशिवाय उमटत नाही.

भाऊबंद एकमेकांना मानतात तोवर हे निभते. एकाने विकायला काढले की गुंता सुरू होतो. नंबरचा भाग विकायचा तर ११ ई नकाशा (विकायच्या भागाचा मोजणी नकाशा) लागतो, हा नियम योग्यच आहे. पण सर्व्हेअर जागेवर येतो तेव्हा विकणारा दाखवेल तो बांध धरून मोजणी होते. बाकीच्या हिस्सेदारांना नोटीस पोचलेली नसते, किंवा कन्नडमधल्या नोटिशीवर न वाचताच सही झालेली असते. नकाशात रस्त्याकडची बाजू विकणाऱ्याच्या नावे जाते, खरेदीखत नोंदले जाते आणि घेणारा तारेचे कुंपण घालायला येतो. बेळगाव शहराभोवती मच्छे, हलगा, येळ्ळूर, हिंडलगा, उचगाव या पट्ट्यात रस्त्याकडचा गुंठा आणि आतला गुंठा यांच्या भावात फार मोठा फरक आहे. तंटा त्या फरकावरून पेटतो.

दुसरा प्रकार बांध कोरण्याचा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा, १,०८९ चौरस फूट. शेजाऱ्याचा बांध ३३० फूट लांब असेल आणि दर नांगरणीला वर्षाकाठी अर्धा फूट सरकला, तर १२ वर्षांत ६ फुटांची पट्टी जाते. ती होते १,९८० चौरस फूट, म्हणजे १ गुंठा १३ आणे. एका वर्षात डोळ्यांना काही दिसत नाही. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकी हक्काने ताबा परत मागायला १२ वर्षे असतात, ती समोरच्याचा ताबा विरोधी झाल्यापासून मोजायची. पण इथे दर वर्षीच्या पट्टीची मुदत वेगळी सुरू होते, आणि कोणती पट्टी कोणत्या साली गेली हे दोघांपैकी कोणालाही शाबीत करता येत नाही. हद्दीचा दगड जागेवर असता तर हा प्रश्न मोजपट्टीने मिटला असता. दगड ट्रॅक्टरने उखडला जातो. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारात शिरले की तो गाळाखाली जातो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी उसाच्या रानात पुरानंतर हीच अवस्था होते.

तिसरे कारण सरकारी कागदातच आहे. कॉलम ९ मधल्या सगळ्या खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज आकारबंदातल्या (सर्व्हे खात्याच्या क्षेत्र-नोंदवहीतल्या) क्षेत्रापेक्षा जास्त भरते, असे नंबर गावोगाव सापडतात. एकदा विकलेले क्षेत्र विकणाऱ्याच्या नावावरून कमी झाले नाही, वारसा नोंदवताना आकडा चुकला किंवा १९७४ नंतर कुळाला जमीन सुधारणा कायद्याखालच्या ट्रिब्युनलने दिलेले क्षेत्र मूळ मालकाकडूनही वजा झाले नाही, अशी कारणे असतात. ट्रिब्युनलच्या जुन्या हुकुमांत ‘अमुक नंबरपैकी २ एकर १० गुंठे’ एवढेच असते, सोबत नकाशा नसतो. फॉर्म १०, म्हणजे ट्रिब्युनलच्या हुकुमानंतरचा कब्जेदारीचा दाखला, हातात असलेल्या कुळाला आपली जमीन नंबरच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सांगणारा एकही कागद मिळत नाही. असा नंबर मोजणीला गेला की क्षेत्र जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. क्षेत्र जुळवण्याचा हुकूम महसूल कचेरीतून यायला हवा, आणि ती कचेरी म्हणते आधी मोजणी करून आणा. शेतकरी या दोन टेबलांमध्ये अडकतो आणि शेवटी कोर्टाची पायरी चढतो.

ब खराबाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पाणंद, नाला, गाडीवाट ही पोटखराबाच्या, म्हणजे लागवडीस न येणाऱ्या भागाच्या, ‘ब’ वर्गात येते, ती सार्वजनिक असते. उताऱ्यात एकूण क्षेत्र आणि खराब वेगळे लिहिलेले असूनही खरेदीखतात एकूण क्षेत्र घातले जाते. नवा मालक वाट नांगरतो आणि मागच्या दहा जणांची बैलगाडी, ट्रॅक्टर अडतो.

आता कोर्टात काय होते ते पाहा. घाईत दाखल होणारा दावा बहुधा निव्वळ मनाई हुकुमाचा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७ नियम ३ सांगतो की स्थावर मिळकतीचे वर्णन हद्दींनी किंवा सर्व्हे नंबरने ओळख पटेल असे द्यावे. प्रत्यक्षात चतुःसीमा जुन्या खरेदीखतातून उतरवलेल्या असतात आणि त्यातले शेजारी केव्हाच वारलेले असतात. प्रतिवादी उत्तरात मालकीच नाकारतो. मालकीवर खरोखर सावट आले असेल तर नुसती मनाई मागून भागत नाही, मालकी ठरवून मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अनाथुला सुधाकर प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. मग दावा दुरुस्तीचा अर्ज, त्यावर हरकत, मालकी ठरवून मागण्याच्या तीन वर्षांच्या मुदतीवर वाद. पट्टी आधीच गेलेली असेल तर मनाईने ती परत येत नाही. ताबा मागावा लागतो, आणि ताबा मागायचा तर किती गुंठे, किती आणे, कोणत्या बाजूने गेले हे नकाशावर दाखवावे लागते. ते मोजणीशिवाय अशक्य आहे.

इथे कोर्ट आदेश २६ नियम ९ खाली कमिशनर (जागेवर जाऊन पाहणी-मोजणी करणारा) नेमते, बहुतेक वेळा तालुक्याचा सरकारी सर्व्हेअर. त्याच्यावर ११ ई नकाशे, हद्दबस्ताचे (हद्द मोजून दगड लावण्याचे) अर्ज आणि सरकारी योजनांची मोजणी यांचा भार आधीच असतो. कमिशनचे वॉरंट काम न होताच परत जाते, पुन्हा निघते. मोजणी झाली तरी ती टिकत नाही, याची कारणे ठरलेली आहेत. सर्व्हेअर मूळ टिप्पण (पहिल्या मोजणीच्या मापांचा कागद) न काढता आजच्या बांधापासून सुरुवात करतो, आणि बांध कुठे असावा हाच तर वाद असतो. फक्त वादीचा नंबर मोजला जातो, लगतचे नंबर मोजले जात नाहीत, त्यामुळे कमी भरलेले क्षेत्र शेजाऱ्याकडे गेले की मुळातच कमी होते, हे कळत नाही. लगतच्या खातेदारांना नोटीस दिल्याची पोच फाइलमध्ये नसते. असा अहवाल उलटतपासात उभा राहत नाही आणि दुसरे कमिशन मागितले जाते.

योग्य रीत सर्व्हे खात्याला माहीत आहे. मूळ टिप्पण, आकारबंद, फोडीचे नकाशे आणि गाव नकाशा आधी काढायचे. जागेवर तीन नंबर किंवा तीन गावांच्या हद्दी मिळतात तिथले पक्के दगड शोधायचे, निदान दोन-तीन ठिकाणांहून अंतरे जुळवायची, मगच वादातली रेष पाडायची. लगतचे नंबर मोजायचे, फरक वाटून दाखवायचा, दगड रोवून पंचनाम्यावर सर्वांच्या सह्या घ्यायच्या. आता रोव्हर (उपग्रहाच्या आधारे मोजणारी यंत्रे) आले आहेत, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण जुनी मोजणी ३३ फुटी साखळीची आहे. रोव्हरचे क्षेत्र आणि आकारबंदाचे क्षेत्र काही आण्यांनी, कधी गुंठ्यांनी वेगळे येणारच. किती फरक ग्राह्य धरायचा आणि तो कोणाच्या वाट्याला घालायचा, याचा स्पष्ट हुकूम खालच्या सर्व्हेअरच्या हातात नसेल तर रोव्हरच नवे दावे उभे करील.

पोलीस ठाण्यात धावणाऱ्यांचे हाल वेगळे. अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे, पण त्यात हेतू दाखवावा लागतो. समोरचा ‘ही माझीच जमीन’ म्हणून उतारा दाखवतो आणि प्रकरण दिवाणी ठरते. या फेऱ्यांत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ ची सहा महिन्यांची मुदत निघून जाते. त्या कलमाखाली मालकी न तपासता, जबरीने काढलेला ताबा परत मिळतो. हा सोपा उपाय शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. तलाठी कार्यालयात आणि नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कचेरीत) याची मराठी-कन्नड सूचना लावायला काही खर्च नाही.

वाटणीच्या दाव्यांत डिक्री झाली तरी काम संपत नाही. शेतसारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिथून कागद पुन्हा त्याच सर्व्हेअरच्या टेबलावर येतो. प्राथमिक डिक्रीनंतर (हिस्से ठरवणाऱ्या निकालानंतर) दावे पडून राहू नयेत, अंतिम डिक्रीचे काम कोर्टाने स्वतःहून पुढे न्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. महसूल खात्याची बाजूही त्याच वेगाने चालायला हवी.

भाषेचा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. मराठी गावांची जुनी वाटणीपत्रे, खरेदीखते, हक्कनोंदी यांतले कितीतरी कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत आणि त्यांच्या वाचनाला सरकारी शिक्का नाही, म्हणून कोर्टात त्यावर हरकत येते. अभिलेखालयातल्या कागदांचे स्कॅनिंग चालू आहे, पण न वाचता आलेला कागद स्कॅन केल्याने वाचता येत नाही. प्रत्येक तालुक्याला सरकारमान्य मोडी वाचक नेमावा आणि त्याच्या लिप्यंतराची प्रमाणित प्रत मिळावी. फेरफाराची नोटीस मराठीबहुल गावांत मराठीतही निघावी. भू-महसूल कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे उताऱ्यावरची नोंद उलट शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. हरकतीची मुदत न समजलेल्या नोटिशीमुळे गेली, तर ती नोंद खोडायला पुढे कलम १३६ चे अपील किंवा दिवाणी दावा करावा लागतो आणि एका कागदाची किंमत पुढची पिढी मोजते.

गाववार फोडीत सुरुवात त्या गावांपासून करावी जिथे दावे जास्त आहेत. न्यायालयांकडून प्रलंबित जमीन दाव्यांचे सर्व्हे नंबर गाववार मागवले तर यादी तयार होईल. ज्या नंबरात सर्व हिस्सेदारांना वहिवाट मान्य आहे, तिथे जागेवर सह्या घेऊन फोड पूर्ण करावी. जिथे वाद आहे तिथे निदान बाहेरची हद्द पक्की करून नकाशा कोर्टाला द्यावा. त्यातच क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळवण्याचा अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे असावा, आणि कोर्ट कमिशनच्या कामासाठी तालुक्याला एक सर्व्हेअर वेगळा राखून ठेवावा, त्याला दुसरे काम देऊ नये.

वेळेचे गणित मात्र शेतीने ठरवलेले आहे. भातशिवारात मोजणी कापणीनंतर होते आणि रोहिणीत धूळवाफ (कोरड्या रानातली) पेरणी सुरू झाली की थांबते. निपाणी-चिकोडीकडे उभ्या उसात रेष दिसत नाही, ऊस तुटून खोडवा वर येण्याआधीचे काही आठवडेच मिळतात. म्हणून हुकूम हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरेल तेव्हा निघाला, तर या हंगामात दगड रोवले जातील. मार्चनंतर निघाला तर काम एका वर्षाने पुढे जाईल.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील दिवाणी वकील आणि मोजणीचे जाणकार