स्पर्धा आहे, पण भावाची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी रुग्णालयांच्या बिलांचा विषय निघाला की एक तयार उत्तर मिळते. सरकारने मध्ये पडू नये, रुग्णालये वाढू द्यावीत, स्पर्धा झाली की दर आपोआप खाली येतील. मुलुंडपासून ठाण्यापर्यंतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत रुग्णालये भरपूर वाढली. दर उतरलेले मला तरी कुठे दिसले नाहीत. माझी सगळी नोकरी बिले आणि व्हाउचर तपासण्यात गेली, त्यामुळे स्पर्धेवर माझा राग नाही. पण गिऱ्हाइकाला भाव कळतच नसेल तर भाव उतरणार कसा? राज्य सरकारने स्वतःच केलेले नियम नीट राबवले तर यातले बरेच काही सुटेल, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी सासूबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. तातडी नव्हती, त्यामुळे चार ठिकाणी विचारायला सवड होती. (ॲम्ब्युलन्समधून जाताना कोणी भाव विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.) फोनवर कोणी आकडा सांगेना; ‘पेशंटला घेऊन या, मग एस्टिमेट देऊ’ हेच उत्तर. काउंटरवर गेल्यावर पहिला प्रश्न आजाराचा नव्हता, ‘मेडिक्लेम आहे का, किती लाखांचा?’ असा होता. त्याचे उत्तर दिल्यावरच कागद हातात आला. त्यावर तीन रकाने होते: जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल. खोलीचे भाडे रकान्यागणिक वाढणार, ते समजण्यासारखे आहे. पण सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) भाडे, अगदी रक्ताच्या तपासण्यासुद्धा रकान्यागणिक चढत गेल्या होत्या. सिंगलची बेरीज जनरलच्या दुपटीच्या घरात. टेबल तेच, सर्जन तेच, दुर्बीण तीच. पेशंट शुद्धीवर आल्यावर कोणत्या खोलीत झोपणार यावर पोटातल्या कामाचा दर ठरणार! आणि अगदी तळाला बारीक अक्षरात ‘औषधे व कन्झ्युमेबल्स (सिरिंज, ग्लोव्हजसारख्या वापरून टाकायच्या वस्तू) प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’, म्हणजे बेरजेखाली ओढलेली रेघही कच्चीच. मी एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागले तेव्हा काउंटरवरचा मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘काकू, मेडिक्लेम आहे ना, मग कशाला टेन्शन घेता?’

त्या मुलाचा दोष नाही. पण अख्खा व्यवहार त्याच्या या एका वाक्यावर उभा आहे. विमा कंपन्यांना हे तीन रकाने चांगले ठाऊक आहेत. म्हणूनच पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की त्या खोलीच्या हिशेबाने वाढलेल्या इतर रकमांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. २०२० मध्ये विमा नियामकाने औषधे, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळल्या. डॉक्टरांची फी आणि ओटी मात्र तिच्या तावडीत राहिली. डिस्चार्जच्या दिवशी हजारोंचा फरक खिशातून भरताना लोक विमा कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. एस्टिमेटचे रकाने कोणी पाहत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हे बरेच झाले. पण बिले फुगत राहिली तर हप्ता त्यांच्या मागोमाग चढणारच.

कन्झ्युमेबल्सची कथा तर याहून उलटी. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्याही वर गेलेला आढळला. गंमत अशी, की छापील किमतीपेक्षा जास्त पैसे बहुतेक ठिकाणी घेतलेच नव्हते. छापील किंमतच मुळात फुगवलेली होती. रुग्णालय घाऊक खरेदी करते, आणि खरेदीचा दर व छापील किंमत यांत जितके अंतर जास्त तितका त्याचा फायदा. म्हणजे सिरिंज आणि ग्लोव्हज बनवणाऱ्या कंपन्यांत स्पर्धा आहेच, फक्त ती रुग्णाला स्वस्त देण्याची नाही. रुग्णालयासाठी जास्त किंमत छापण्याची आहे. बाजार वाढला की भाव उतरतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. रुग्णालयातल्याच दुकानातून औषधे घ्यायची सक्ती होते, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतः आदेश न देता धोरण आखण्याचे काम राज्यांवर सोपवले.

मग रुग्णालये एकमेकांशी झुंजतात ती कशासाठी? नावाजलेल्या डॉक्टरांसाठी, शस्त्रक्रियेच्या रोबोसाठी, हॉटेलसारख्या लॉबीसाठी आणि पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला कमिशन देण्याच्या पद्धतीविरुद्धच्या, म्हणजे कट प्रॅक्टिसविरुद्धच्या, कायद्याचा मसुदा राज्याने २०१७ मध्ये समिती नेमून तयार करून घेतला; त्याचा कायदा काही झाला नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या एका हृदयरुग्णालयाने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा आशयाचे फलक लावले, तर डॉक्टरांच्या संघटनेलाच ते झोंबले. एवढ्यावरून काय ते कळावे.

दुसऱ्या टोकाला ‘सगळे दर सरकारने ठरवून टाका’ म्हणणारे आहेत. मला तेही पुरते पटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या, औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली, तोवर ती सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती. रुग्णांचा मोठाच फायदा झाला. पण अँजिओप्लास्टीच्या एकूण बिलात तेवढी घट का दिसत नाही, हा प्रश्न तेव्हाच विचारला जाऊ लागला. एक ओळ दाबली की दुसरी ओळ फुगते, हे हिशेबातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय दर सरसकट बांधले तर पहिला फटका बसेल तो इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दहा-पंधरा खाटांचे नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला. आमच्या भागातली अशी नर्सिंग होम एकेक करून बंद होत आहेत, आणि तिथले पेशंट मोठ्या रुग्णालयांकडे जात आहेत.

तरी सरकारला काही करताच येत नाही असेही नाही. मे २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. मुंबईत पालिकेने रुग्णालयांमध्ये लेखापरीक्षक बसवले आणि वाढीव बिले कमी करून घेतली. ते दिवस आणीबाणीचे होते, मान्य. पण बिल ओळीओळीने तपासता येते आणि तपासणारा समोर बसला की आकडा बदलतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. अमेरिकेचे आरोग्य क्षेत्र बाजारावर सोडलेले, असे आपण समजतो. त्याच अमेरिकेत मेरीलँड राज्याचा आयोग १९७० च्या दशकापासून रुग्णालयांचे दर ठरवतो. तिथे विमा कोणाचाही असो, एका रुग्णालयात दर जवळजवळ तोच लागतो. ‘मेडिक्लेम किती लाखांचा?’ हा प्रश्न तिथल्या काउंटरवर विचारून फारसा उपयोग नाही.

आता आपल्या नियमांकडे येते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपण १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यावरच आहोत. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. त्यानुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. सनदेचा फलक बऱ्याच ठिकाणी दिसतो. दरपत्रक मात्र शोधावे लागते, आणि सापडले तरी उपयोग थोडा. कारण खाटेचे भाडे, भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन, नर्सिंग असे सुटे दर त्यावर असतात; पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला एकूण किती लागतील, हे त्यातून कळत नाही. लग्नाच्या हॉलवालासुद्धा ताटाचा भाव सांगतो, मिठाचा आणि लिंबाचा वेगळा नाही.

म्हणून माझी मागणी अशी. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशय, सिझेरियन, गुडघेबदल, अँजिओप्लास्टी अशा नेहमीच्या आणि सहसा ठरवून होणाऱ्या उपचारांचा औषधे-कन्झ्युमेबल्ससह एकूण दर प्रत्येक रुग्णालयाने एकाच नमुन्यात जाहीर करावा. दर किती ठेवायचा हे त्याचे त्याने ठरवावे. पण तो वर्षभर पाळावा, आणि गुंतागुंत झाल्यास जादा किती लागतील तेही आधीच लिहावे. सर्जन आणि ओटीची रक्कम खोलीवर अवलंबून नसावी. हे सारे रुग्णालयाच्या भिंतीवर न राहता त्या त्या पालिकेच्या संकेतस्थळावर यावे, म्हणजे मुलुंडच्या माणसाला भांडुप आणि ठाण्याचे दर घरबसल्या शेजारी ठेवून पाहता येतील. छोट्या नर्सिंग होमना याची भीती वाटू नये. त्यांचे दर बहुधा कमीच निघतील, आणि ते लोकांना दिसतील.

पालिकेच्या रुग्णालयांबद्दल एवढेच, की खासगी केंद्रांची खरी स्पर्धक तीच आहेत. तिथे एमआरआयची तारीख लांबली की बाहेरचे केंद्र सांगेल तो भाव. राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना २०२४ पासून सर्वांसाठी पाच लाखांपर्यंत खुली झाली, पण मुंबईतली बरीच मोठी खासगी रुग्णालये तिच्या यादीत नाहीत.

यासाठी नवा कायदा लागणार नाही, नियमांत दोन-चार ओळी वाढवाव्या लागतील. नर्सिंग होमची नोंदणी मुंबईत पालिकाच करते, वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यामार्फत, आणि दर तीन वर्षांनी ३१ मार्चला तिची मुदत संपते. दरपत्रक ठरलेल्या नमुन्यात संकेतस्थळावर चढवल्याशिवाय नूतनीकरण करू नये, एवढा आदेश आरोग्य विभागाने काढावा. येत्या मार्चमध्ये ज्यांची मुदत संपते, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

आपली नम्र,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)