त्या कागदावरची सही

इंदूर,
शनिवार, रात्र

प्रिय विनू,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मधेच "थांब, आधी माझं ऐक" म्हणतोस आणि माझं पोटातलं पोटातच राहतं. हे सगळं सलग सांगायचंय, म्हणून कागद घेऊन बसलो. आमच्या तब्येती ठीक. सुधाचा गुडघा आहे तसाच, माझी साखर आटोक्यात. झालं.

सुमनबाईंचा पिंट्या. पतंग काढायला आमच्या पत्र्यावर चढला होता आणि तू पोलिसाच्या वर्दीत खाली उभं राहून त्याला उतरवलं होतंस, तोच. आता एकोणीस वर्षांचा आहे. जेल रोडवर मोबाइलच्या दुकानात स्क्रीन बदलायचं काम करतो, हात चांगला बसलाय. त्या दुकानातून काही हँडसेट गेले. गेल्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी साध्या कपड्यांतले दोघे पोलीस आले आणि मोटरसायकलवर मधे बसवून त्याला घेऊन गेले. सुमनबाई रात्रभर ठाण्याबाहेर बसून. आत कोणी सोडेना. शनिवारी दुपारी मी त्यांच्याबरोबर गेलो. मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून पिंट्या जमिनीवर बसला होता. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मुंशी म्हणाला, "पूछताछ के लिए बिठाया है अंकल, छोड़ देंगे." नाव कुठे नोंदवलंय विचारलं, तर गिरफ्तारीच नाही तर नोंदवायचं काय, असं उत्तर.

रविवारी संध्याकाळी मलाच फोन. "आप शांति समिति वाले हैं ना, ज़रा आ जाइए, एक साइन करनी है." गेलो. टेबलावर पिंट्याचं गिरफ्तारी पत्रक. नाव, वडिलांचं नाव, कलम, सगळं निळ्या शाईत भरलेलं. वेळ: रविवार, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. ठिकाण बसस्टँडजवळ, मुखबिराच्या सूचनेवरून. साक्षीदाराच्या सहीची जागा तेवढी रिकामी. पेन माझ्या हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली.

विनू, मी सही केली. पण सहीच्या वर लिहिलं की हा मुलगा शनिवारी दुपारी याच ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात बसलेला मी स्वतः पाहिला आहे. हिंदीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, खाली तारीख आणि वेळ. तो पोरसवदा एसआय उठून उभाच राहिला, आवाज चढला. तेवढ्यात टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, आतून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. "आप तो अपने ही आदमी हैं सर, झाँकियों में रात-रात भर हमारे साथ खड़े रहते हैं." चहा आला तेव्हा तो कागद टेबलावर नव्हता. सोमवारी कोर्टात जो कागद गेला त्यावर समोरच्या चहावाल्याची सही आहे. वकिलांनी प्रत काढून आणली, ती मी पाहिली. वेळ तीच, सात दहा.

न्यायाधीशांनी विचारलं, मारहाण झाली का? पिंट्या नाही म्हणाला. ज्यांनी मारलं तेच मागे उभे होते. जामीन झाला. घरी गेलो तर खाटेवर पडून होता, सुमनबाई तळव्यांना हळद लावत होत्या. तळवे सुजून गुळगुळीत झालेले, रेषा दिसत नव्हत्या. संडासला जायला उठला तेव्हा पावलांच्या कडांवर चालला, आणि चपलेचा अंगठा काही पायात जाईना, म्हणून अनवाणीच गेला. सरकारी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ताजी जखम नाही.

हे तुलाच का लिहितोय ते तुला कळलं असेल. मंडीतली ती रात्र संपल्यावर तू पहाटे आमच्याकडे आला होतास, आणि आईने पुढे ठेवलेलं ताट तसंच राहिलं होतं. रोजनामचा सान्हा म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, त्यात जागा सोडून कसं लिहितात आणि मागाहून कसं भरतात, हे मला तेव्हा तूच सांगितलंस. त्यानंतर आपण त्या रात्रीबद्दल कधी बोललो नाही. आजही बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण व्हरांड्यातून पिंट्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला तूच आठवलास, ठाण्यातला दुसरा कोणी नाही.

शांतता समितीत मी इतकी वर्षं आहे, आनंदाने आहे. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या, ते सजवलेले चित्ररथ, निघतात तेव्हा आपण दोघांनीच किती रात्री दोरी धरलीय. तू वर्दीत, मी बिल्ला लावून. हुकुमचंदची झाकी पुढे सरकेना तेव्हा तू शिट्टी वाजवून वाजवून घसा बसवून घेतला होतास आणि वहिनींनी आठवडाभर घरात शांतता नांदल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं! ते काम चांगलंच आहे. या शहराला पोलिसांबरोबर उभं राहणारा नागरिक लागतो, त्यासाठी ग्राम व नगर रक्षा समित्यांचा कायदासुद्धा आहे आपल्या राज्यात. पण रविवारी मला नीट कळलं की दोरी धरायला बोलावलेला नागरिक "अपना आदमी" असतो आणि तोच उद्या रोजनामचा दाखवा म्हणाला की बाहेरचा होतो. मला दुसऱ्या प्रकारचा नागरिक व्हायचंय. त्याला जागा कुठेय, एवढंच आठवडाभर शोधतोय.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. २००६ साली प्रकाश सिंह प्रकरणात पोलीस सुधारणांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २२ सप्टेंबरला, तेव्हा छप्पन दुकानवर आपण इतके भांडलो की वाढलेली कचोरी गार झाली. तू म्हणालास, न्यायाधीशाला एक रात्र गस्तीवर पाठवा, मग बोलू. मी म्हटलं, अरे, अर्ज करणारा न्यायाधीश नाही, उत्तर प्रदेशचा माजी पोलीस महासंचालक आहे, तुमचाच माणूस! १९९६ मध्ये अर्ज केला आणि दहा वर्षं चिकटून राहिला. त्या निकालात तुझी ती मागणी होतीच की. ठाण्याच्या प्रमुखाला दोन वर्षं तरी एका जागी राहू द्या, आमदाराच्या एका फोनवर हलवू नका. बदलीच्या फायली तू कुठे कुठे नाचवल्यास ते मी पाहिलंय. पण त्याच निकालात, त्याच पानांत, तक्रार प्राधिकरणही आहे. राज्यासाठी एक, प्रत्येक जिल्ह्यासाठी एक. जिल्ह्याचं प्रमुखपद निवृत्त जिल्हा न्यायाधीशाकडे, डीएसपीपर्यंतच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी त्याच्यापुढे. कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, पैसे उकळणं, घर-जमीन बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर. आणि त्याची शिफारस बंधनकारक. तुला अर्धा निकाल हवा होता, मला उरलेला अर्धा. आज मला वाटतं ते एकच आहे. बाहेरच्या माणसाला उत्तर द्यायचं नसलं की पोलीस नेत्याच्याच हातात सापडतो. त्याच्याकडे दाखवायला दुसरा कोणी मालकच उरत नाही.

तसा निवृत्त जिल्हा न्यायाधीश कुठे बसतो ते इंदुरात मला कोणी दाखवू शकलेलं नाही. वकील म्हणाले, डीसीपींकडे अर्ज द्या. मंगळवारच्या जनसुनवाईत गेलो. अर्ज घेतला, शिक्का मारला आणि चौकशीसाठी त्याच ठाण्याकडे पाठवला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर.

२०२१ च्या डिसेंबरात आपल्याकडे कमिश्नर प्रणाली आली, दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार पोलिसांकडेच आले, तेव्हा तू पुण्याहून पेढे पाठवले होतेस. आता बाबूंच्या मागे फायली घेऊन फिरायला नको, म्हणालास. खरंय, गुंडाला हद्दपार करायला महिने लागायचे. पण आधी शांतताभंगाच्या कलमाखाली उचललेल्या माणसाला निदान एसडीएमसमोर, म्हणजे महसुलातल्या दंडाधिकाऱ्यासमोर, नेत होते. तो कसाही असो, पोलीस नव्हता. आता बाउंडओव्हर करणारा, म्हणजे शांततेचं हमीपत्र लिहून घेणारा, एसीपीही त्याच खात्याचा. बाहेरचा एक डोळा होता, तोही मिटला. यावर तू चिडशील, चीड.

मुग्धाकडे अमेरिकेत ओकलंडला गेलो होतो तेव्हा तिथल्या पोलीस कमिशनच्या बैठकीला मला तिने नेलं. २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ते स्थापन केलंय. सात सदस्य, दोन राखीव, कोणी पोलीस नाही, मानधन नाही. एक म्हातारी माइकपाशी आली, नातवाबद्दल बोलली, वेळ संपल्याची घंटा वाजली तरी बोलत राहिली, आणि समोरचे लिहून घेत होते. मी बाजूला बसून तिच्या हातातली पिशवी बघत होतो, सुमनबाईंसारखीच होती. या लोकांनी महापौरांबरोबर मिळून २०२० मध्ये पोलीसप्रमुखाला पदावरून काढलं. तू विचारशील, मग तिथे सगळं सुधारलं का? नाही. २००३ मध्ये त्या खात्यावर कोर्टाची देखरेख बसली ती वीस वर्षं उलटली तरी सुटली नव्हती. पण त्या म्हातारीला कुठे जायचं हे माहीत होतं, विनू. वार, वेळ, खोली. आल्यावर हे तुला सांगितलं तर तू म्हणालास, "तिकडे लोकसंख्या किती, आणि आमच्याकडे एका ठाण्यात माणसं किती?" माणसं कमी आहेत हे खरं. बारा-चौदा तासांची ड्यूटी, सणाला सुट्टी नाही, खोट्या तक्रारी करणारे दारूवालेही आहेत, सगळं मान्य. पण पिंट्याला दोन रात्री बसवून ठेवायला माणसं पुरली की.

आता कामाचं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत. फाटक, लॉकअप, व्हरांडे, इन्स्पेक्टरची खोली, मागची बाजू, सगळीकडे, आवाजासकट. चित्रण अठरा महिने ठेवायचं, तशी यंत्रंच मिळाली नाहीत तरी वर्षाच्या खाली नाही. टीआय म्हणाले, मागचा कॅमेरा बंद आहे. बंद असेल तर तो बिघाड त्यांनीच जिल्हा देखरेख समितीला लगेच कळवायला हवा होता. त्या समितीत कोण, वाचलंस का कधी? संभागाचे आयुक्त, कलेक्टर, एसपी आणि महापौर. महापौर, विनू! कचऱ्याच्या गाड्यांसाठी आपण ज्यांच्या दारात जातो ते. आणि कोणी तक्रार केली नसली तरीही चित्रण तपासून बघणं हे त्या समितीचं कामच आहे, तसं लिहिलंय. इतक्या जणांना विचारलं, ही समिती कधी बसली कोणालाच सांगता येईना.

तर मी अर्ज तयार केलाय, संभागाचे आयुक्त आणि महापौर दोघांच्या नावे. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळपर्यंतचं चित्रण पुसू नका, आणि समितीने ते बघावं. सोबत माझं शपथपत्र, की मी त्या मूळ कागदावर काय लिहिलं होतं. सुधा घाबरलीय. म्हणते, रात्री-बेरात्री दार वाजलं तर? मी म्हटलं, मी साठीच्या पुढचा, साक्षीसाठी मला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यावं लागतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७९ कलम आहे. ती म्हणाली, घरी येतील हेच तर म्हणतेय मी. पश्चिम बंगालमध्ये कायदेशीर मदतीचं काम करणाऱ्या डी. के. बसूंनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना नुसतं पत्र लिहिलं होतं, त्यातून पुढे अटकेच्या कागदावर वेळ आणि साक्षीदाराची सही आली. ज्या रिकाम्या जागेवर त्यांनी माझं बोट ठेवलं ती जागा त्या पत्रामुळे आहे. मी ती चहावाल्याला सोडणार नाही. तसा तो बिचारा गरीब आहे, त्याच्यावर माझा राग नाही, त्याचा ठेला ठाण्याच्या भिंतीला लागून आहे.

तुझं काय चाललंय? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? अद्वैतची मुंज मेमध्येच ना, तारीख कळव, सुधाला तिकिटं काढायचीत. सोसायटीच्या लिफ्टचं भांडण मिटलं असेल, नसेल तर तू चेअरमन हो, शिट्टी आहेच.

पोस्टाने अर्जाची प्रत पाठवतोय. नीट वाच. रोजनामच्याचा परिच्छेद तुझ्या हाताने दुरुस्त कर, तिथे मी कुठला नोंदक्रमांक आणि कुठली रजिस्टरं मागायची ते तुला कळतं, मला नाही. आणि अर्जाच्या शेवटी माझ्या नावाखाली एक ओळ रिकामी ठेवलीय. निवृत्त डीएसपी, मध्यप्रदेश पोलीस, एवढं आणि तुझी सही. नाही जमलं तर नाही म्हण, आपल्यात फरक पडणार नाही. पण वाचल्याशिवाय नाही म्हणू नकोस. पुढच्या मंगळवारी मी तो घेऊन जातोय, सोमवारी रात्रीपर्यंत फोन कर. त्या दिवशी मी आधी तुझं ऐकीन.

तुझा,
मधू