तुझी खुर्ची

गिरीज, वसई
रविवार, रात्री उशिरा

प्रिय फेलिक्स,

आठ महिने चिठ्ठी नाही की चपाटी नाही. शिव्या मागाहून दे, आधी वाच. व्हॉट्सॲपवर हे टाकायचा धीर झाला नाही.

आपल्या चौघांच्या क्वार्टेटमध्ये तुझ्या व्हायोलाच्या खुर्चीत माणूस आलाय. माणूस म्हणजे मुलगी, तेवीस वर्षांची. व्हायोला पाठीला लावून विरार लोकलनं येते. (पास्कूचा चेलो अजून लगेजच्या डब्यातच, मासळीच्या पाट्यांशेजारी. वास गेलेला नाही.)

आज आपलं हायडन काढलं, ओपस 76 मधलं तिसरं क्वार्टेट. दुसऱ्या भागात सम्राटासाठी 1797 मध्ये केलेली ती धून आली. मी वाजवली, पास्कूनं वाजवली, मग तुझी पाळी. मी सवयीनं मान खाली घातली, तू तिथं डोळे वटारायचास म्हणून. कुणी वटारले नाहीत. ती सरळ वाजवत गेली, व्हिब्रॅटो, तो सुराचा थरकाप, जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्यासाठी तू अख्खा पावसाळा बावतीसशी अबोला धरलास, नेमकं तेच! तेव्हा तो तुला "मग चर्चची घंटाच वाजव" म्हणाला होता. आज तिला म्हणतो, "वा." मला त्याच्या डोक्यात स्टँड घालावासा वाटला.

आता तू अमेडियस क्वार्टेटचा दाखला काढशील. व्हायोलावाला शिडलॉफ 1987 मध्ये गेला, तर तिघांनी दुसरा शोधला नाही, चाळीस वर्षांचा संसार तिथंच आवरला. पाठ आहे मला. पण शिडलॉफ मेला होता रे, तू टोरोंटोला गेलायस. आणि बुडापेस्ट क्वार्टेट? 1917 मध्ये हंगेरीत सुरू झालं, पुढं चौघेही रशियातले, नाव मात्र तेच. आपल्याला तर बदलायला नावही नाही.

हे सगळं तुझ्याशी भांडायला रात्रभर जुळवलंय. खरं एवढंच, की "फेलिक्सला विचारू" असं पास्कू म्हणाला आणि मीच नको म्हटलं. तू "घ्या की" म्हणाला असतास. तेच मला ऐकायचं नव्हतं.

वर आणखी फजिती. तिच्यापुढे तुझाच कागद होता. तिसऱ्या व्हेरिएशनवर तुझी पेन्सिल: "सायमन घाई करणार, थांबू नको." तिनं ते सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं. मी घाई केलीच होती.

माझा गुडघा आहे तसाच. रिटाची परीक्षा झाली का? नवी नोकरी बरी आहे ना? बर्फाचे फोटो पुरे आता.

दोन-तीन जागी तिला बो उलट्या दिशेनं ओढायचाय. तुझ्या खुणा खोडायला रबर मागत होती. विचारून सांगतो म्हटलंय. पुढच्या रविवारच्या आत कळव.

तुझा,
सायमन