दुखत नाहीये, हे ऐकल्यावर

चि. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवून दिलास, त्याचा मला राग नाही. आवाज आधी मीच चढवला. तू बिचारी आनंदाने सांगत होतीस, की बाबा, आज बरणीचं झाकण सुहासला हाक न मारता माझं मी उघडलं, सकाळी बोटं आखडत नाहीत, संधिवात लागल्यापासून सहा वर्षांत असं झालं नव्हतं. आणि मी काय विचारलं, तर "गोळी घेतेस ना?" दोन दिवस मी तेच आठवतोय.

या पत्रात गोळीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तू म्हणालीस, "गरोदरपणात प्रतिकारशक्तीच कमी होते, म्हणून दुखत नाही, तुम्हीच वाचा." वाचलं. मागच्या महिन्यात तुझ्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी वाढलेल्या पाहून मी रात्रभर जागा होतो, तेव्हापासूनच वाचतोय. (तुझ्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की या दिवसांत त्या वाढतातच. ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, तोही वाढतो, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून सांध्यांचं काही कळत नाही.) आता तूच सांग, शक्ती नुसती कमी होत असती तर या पेशी वाढल्या कशाला असत्या?

पीटर मेडावर नावाच्या शास्त्रज्ञाने 1953 साली एक साधा प्रश्न विचारला. दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती टाकून देतं, मग निम्मं बापाचं असलेलं बाळ आईचं शरीर नऊ महिने ठेवून कसं घेतं? आईची यंत्रणा सुस्तावत असेल, हा त्याच्या तीन तर्कांपैकी एक. तो टिकला नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात पांढऱ्या पेशी दाटीने जमतात आणि त्यांतल्या सुमारे 70 टक्के 'नॅचरल किलर' जातीच्या असतात. नाव किलर, काम पाटबंधारे खात्याचं: आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून वारेला रक्त पोचवायला मदत करायची. वारेच्या पेशीही हुशार. नेहमीची ओळखपत्रं बहुतेक झाकून ठेवतात आणि एचएलए-जी नावाचं वेगळंच दाखवतात. शिवाय नियामक टी-पेशी वाढतात, त्या बाकीच्यांना आवरतात. सुरुवातीला गर्भ रुजताना थोडी दाहाची धामधूम, मधले महिने शांत, आणि शेवटी कळा सुरू होताना पुन्हा धामधूम. तू सध्या त्या मधल्या शांततेत आहेस. बाळासाठी चाललेल्या आवराआवरीचा फायदा सांध्यांना मिळतो, असा एक कयास आहे. संप्रेरकांचाही हात आहेच. नेमकं गणित अजून पुरतं सुटलेलं नाही, आणि सगळ्याच जणींचे सांधे असे निवतात असंही नाही.

फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी 1938 साली हे नीट लिहून ठेवलं, की संधिवाताच्या बायका गरोदरपणात बऱ्या होतात. शरीरात असं काय तयार होतं, याचा त्यांनी ध्यास घेतला. त्या वाटेवर कॉर्टिझोन हे दाह शमवणारं स्टेरॉइड हाती लागलं, 1948 साली पहिल्या रुग्णाला दिलं, 1950 साली नोबेल मिळालं. तुझ्या आईने तिच्या संधिवातासाठी वर्षानुवर्षं जे स्टेरॉइड घेतलं ते याच कुळातलं. पण हेंच यांच्या त्या बायका बाळंतपणानंतर पुन्हा दुखू लागायच्या, हेही त्यात होतं.

आलो बघ तिथेच.

तुझ्या वेळी आई पाचव्या महिन्यापासून जिने चढायला लागली होती. दादाच्या वेळी इतका फरक पडला नव्हता. 1993 सालच्या एका अभ्यासात असं दिसलं, की बाळाच्या पेशींची ओळख आईपेक्षा जितकी वेगळी, तितका आराम पडण्याचा संभव जास्त. वाचून हसू आलं. तुझं आणि तिचं एका गोष्टीवर कधी एकमत झालंय का? एका घरावरून सिद्ध काही होत नाही, मला कळतं. पण हसू आलं.

त्या चार महिन्यांत ती म्हणायची, गेलं हो दुखणं. मीही तेच म्हणायचो. पेढीवरून येताना तिला खिडकीत उभी पाहायचो, हात वर करून पडदे अडकवणारी. फाइल कपाटात वर टाकून दिली. मग तू आलीस, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात ती तुला हातांच्या पंजांनी उचलेनाशी झाली. कोपरांच्या बेचक्यात धरायची. झबल्याच्या नाड्या तिला बांधता येईनात. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाची कमजोरी आहे. मी म्हणालो, सगळ्यांनाच होतं. एकदा तर म्हणालो, "थोडी हालचाल कर, आपोआप जाईल." ती काही बोलली नाही. तुझ्याकडे बघत बसली. चार महिने आम्ही असे घालवले, आणि तिची उजवी मूठ त्यानंतर कधी पुरती मिटली नाही. रविवारी आवाज चढला तो यामुळे. तुझ्यावर नव्हता गं.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध तू गर्भ राहण्याच्या कितीतरी आधी बंद केलंस, ते बरोबरच. ते बाळाला घातक. पण हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही तुझी दुसरी गोळी गरोदरपणात चालू ठेवतात. ती तुझी तू, बरं वाटतंय म्हणून, कोणाला न विचारता सोडलीस. चिडू नकोस. माफ कर, ठरवूनही विषय काढलाच. नुसतं विचार डॉक्टरबाईंना. आणि वार पडल्यावर पहिल्या काही महिन्यांत दुखणं उसळलं तर काय करायचं, अंगावर पाजताना कोणती औषधं चालतात, हे आत्ताच लिहून घे. तेव्हा झोप नसेल, डोकं चालणार नाही.

आणखी एक. सांधे शांत आहेत म्हणून बाकी सगळं शांत, असं समजू नकोस. याच दिवसांत फ्लू जड जातो, छातीवर आणि हृदयावर आधीच भार असतो. 1918 च्या साथीत आणि 2009 च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायकांनी फार सोसलं. फ्लूची लस घे. डांग्या खोकल्याची 27 ते 36 आठवड्यांत देतात. तू बनवलेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, सर्वांत जास्त शेवटच्या महिन्यात, आणि पुऱ्या दिवसांच्या बाळात ती आईपेक्षाही जास्त भरतात. तू सहाव्या इयत्तेत डबा अख्खा मैत्रिणीला देऊन यायचीस, त्याची आठवण झाली. आई चिडायची, मी मनातून खूश असायचो. तेव्हा सांगितलं नाही.

व्याख्यान झालं. सुहासला दाखवू नकोस, तो मला फोन करून समजूत घालेल, आणि ते मला आवडत नाही.

मी तिकडे केव्हा यायचं ते तू ठरव. बाळ झाल्यावर लगेच गर्दी असेल, मला घाई नाही. पण दुसरा महिना लागला की मी येईन, आणि निदान सहावा सरेपर्यंत राहीन. मला नाड्या बांधता येतात. तुझ्यावरच शिकलो.

झाकण उघडलंस ते फार छान झालं. फोनवर हे आधी म्हणायचं होतं.

तुझे
बाबा

ता. क. सोमवारी तुझी तपासणी आहे ना? विचारलंस की मला नुसतं 'विचारलं' एवढंच कळव. मी पुढे काही बोलणार नाही.