मोतीला गर्दीत नेण्याआधी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

मोती दुसरा कुत्रा दिसला की दोरी ताणून भुंकतो, बाजारात अंग चोरून चालतो, आणि 'रोज गर्दीत ने, होईल सवय' असं सगळे तुला सांगतात. तो सल्ला आधी सोड. भेदरलेल्या कुत्र्याला गर्दीत उभं केलं की भीती आणखी मुरते. कधी तो गप्प होतो आणि सुधारला असं वाटतं, पण त्याने फक्त हात टेकलेले असतात.

भुंकणं ही दांडगाई नव्हे. 'लांब राहा' असं तो ओरडून सांगतो. समोरचा आपल्या वाटेने निघून जातो, पण मोतीला वाटतं की आपण भुंकलो म्हणून गेला. अशी सवय पक्की होते. हे सगळं अचानक सुरू झालं असेल, तर पशुवैद्याकडून कान, दात, सांधे तपासून घे. दुखत असेल तर शिकवणं व्यर्थ.

हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, छातीवर 'वाय' आकाराचा असावा, आत दोन बोटं जातील इतका सैल. घाबरलेले कुत्रे मागे सरकून त्यातून निसटतात, म्हणून दोन कड्यांची दोरी घे, एक कडी हार्नेसला आणि दुसरी गळपट्ट्याला अडकव. दोरी २ ते ३ मीटरची, साधी. आपोआप गुंडाळणारी नको. काटेरी पट्टा किंवा विजेचा झटका तर मुळीच नको. दुसरा कुत्रा दिसला की दुखतं, एवढंच त्यातून तो शिकेल.

खरं काम अंतराचं आहे. कुत्रा दिसल्यावर मोती बघतो, पण हाकेला मान वळवतो आणि खाऊ घेतो, इतकं लांब उभं राहायचं. ते १५ मीटर असेल, नाहीतर ६०. अंग ताठरलं, तोंड मिटलं, नुसतेच ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, खाऊ बोटांसकट ओरबाडला किंवा नाकारला, की तू फार जवळ आलास. भुंकण्याची वाट पाहू नकोस, तेव्हा शिकण्याची वेळ गेलेली असते.

आता क्रम. आधी कुत्रा दिसावा, मग खाऊ. बहुतेकांचा हात आधीच खिशात जातो. मग खाऊ निघाला म्हणजे काहीतरी येतंय, असं उलटंच गणित बसतं आणि मोती खाऊ पाहूनच सावध होतो. त्याने पाहिलं की लगेच तुकडा, दिसतंय तोवर एकामागून एक, दिसेनासं झालं की बंद. तुकडे वाटाण्याएवढे, उकडलेल्या चिकनचे. एका फेरीला ४०-५० लागतील, तेवढं जेवण कमी कर. खाऊने भीतीला बक्षीस मिळतं, हा गैरसमज मनात आणू नकोस. भीती ही काही बक्षिसासाठी केलेली करामत नव्हे.

काही दिवसांनी तो कुत्रा पाहून आपणहून तुझ्याकडे वळेल. मगच अंतर एक-दोन मीटरने कमी कर. मात्र कुत्रे जास्त असतील, धावत असतील किंवा समोरून सरळ येत असतील, तर पुन्हा लांब जा. सगळं एकदम अवघड करण्याच्या घाईतच बहुतेकांचं बिघडतं.

मागे वळणं घरातच पक्कं कर. 'चल मागे' म्हटलं की दोघांनी वळून चालू लागायचं, चार पावलांवर खाऊ. घरात शंभर टक्के जमल्याशिवाय रस्त्यावर त्यावर विसंबू नकोस. अगदीच अडकलास तर उभ्या गाडीच्या आडोशाला जा आणि खाऊ जमिनीवर विखुर. हुंगताना त्याचं लक्ष खाली राहतं. दोरी आवळू नकोस. ताण आला की त्यालाही धोका वाटतो.

सुरुवात बाजारात नाही, मैदानाच्या कडेला, कमी वर्दळीच्या वेळी. १० मिनिटं पुरेत. भीती साचत जाते: सकाळी फटाका वाजला असेल, तर संध्याकाळी नेहमीचा कुत्राही जड जातो. अशा दिवशी बाहेरचा सराव रद्द. पुढचे एक-दोन दिवसही शांत गल्लीत, नुसतं हुंगू दे.

'आमचा काही करत नाही हो' म्हणत येणारे भेटतीलच. त्यांना 'आमचा घाबरतो, लांबूनच जा' असं स्पष्ट सांग. भिडेपोटी कोणालाही हात लावू देऊ नकोस. चावण्याची शंका असेल तर जाळीचं मुसकं लाव. त्यात त्याला धापता, पाणी पिता आणि खाऊ घेता आला पाहिजे. त्याची सवयही घरीच, आत खाऊ ठेवून, हळूहळू.

पहिल्या आठवड्यात किती मीटरवर तो खाऊ घेतो ते लिहून ठेव आणि मला कळव. पुढचं त्यावर ठरवू.

तुझा,
श्रीकांत