मंत्रीमहोदय, तुमच्या डिस्नेलँडची चावी कुणाकडे आहे?

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या थीम पार्कची फीत कापताना तुम्ही म्हणालात, आता डिस्नेलँड बघायला अमेरिकेला जायला नको. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

परवाच्या रविवारी आईला न पोरांना घेऊन गेलो. माणशी 60 रुपये तिकीट. लेडीज टॉयलेटला कुलूप. वॉचमन म्हणे चावी सुपरवायझरकडे, सुपरवायझर म्हणे ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार गेलेत गावाला जत्रेला. आई बिचारी मागे आडोसा बघायला गेली, तिथं टाकी गळून पेव्हर ब्लॉकवर हे एवढं शेवाळ, घसरली, उजवं मनगट फ्रॅक्चर. 72 वर्षांची बाई, दुखण्यापेक्षा लाजेनं मेली, रिक्षात सारखं एकच, कुणाला सांगू नको कशाला गेले होते. सांगतोय सगळ्यांना, सॉरी आई.

एक्स-रेच्या रांगेत बसून तुमचं ते डिस्नेलँड वाचून काढलं. 1955 ला उघडलं तेव्हा तिथंही बोंबच होती, डांबर इतकं मऊ की बायकांच्या हिल्स रुतत होत्या. वर प्लंबरांचा संप, संडास किंवा प्यायच्या पाण्याचे नळ, एकच काहीतरी वेळेत होणार होतं. वॉल्ट डिस्नेनं संडास आधी केले, साहेब! तिथं दर 30 फुटांवर कचऱ्याचा डबा असतो म्हणे, च्युइंगम विकतच नाहीत, डिस्नेच्याच फ्लोरिडाच्या पार्कात तर 1971 लाच कचरा पाइपातून हवेनं ओढून न्यायची सोय केली, आणि गेट बंद झालं की रात्रभर धुलाई.

आपल्याकडे पेंग्विनचा डबा, पोटावर 'युज मी', आणि बूड गंजून गायब. पोरानं वेफर्सचं पाकीट वरून टाकलं, खालून आलं. परत टाकलं, परत आलं. त्याला वाटलं हीच राइड.

सेल्फी पॉइंटचं लायटिंग मात्र चकाचक हां. पार्कला कुणी 4 कोटी सांगतं कुणी 9, टक्केवारीचं मी बोलत नाही, ते शेंबडं पोरही सांगेल. कोनशिलेवर नावं 14, मोजलीत मी. झाडणारी बाई एक, तिचाही तीन महिने पगार नाही, आणि आईला उचललं ते तिनंच. दवाखाना बांधता डॉक्टर नाही, शाळेत संडास बांधता पाणी नाही, बांधायला पैसा निघतो, झाडू-फिनेलचं नाव काढलं की तिजोरीत खडखडाट. मग स्वच्छतेची बक्षिसं घ्यायला दिल्लीला कोण जातं?

आईचं प्लास्टर सहा आठवडे आहे. तोवर ठेकेदार जत्रेवरून येतील बहुतेक. चावी वॉचमनकडे ठेवायला सांगा, बाकी डिस्नेलँड राहू द्या.

आपला,
तिकीट जपून ठेवलेला एक मतदार