आधी फळी उभी करा, रिसीव्हर नंतर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टविषयीचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या खेळाला एवढी जागा मिळाली याचा फार आनंद झाला. मी मूळचा भोसरीचा. गेली सत्तावीस वर्षं डेट्रॉईटजवळ राहतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे आणि डेट्रॉईट लायन्सचा एकही सामना सहसा चुकवत नाही. चांगला वाइड रिसीव्हर दिसला की संघाने पहिल्याच फेरीत त्याला उचलावा, असा लेखाचा एकूण सूर होता. तो मला अजिबात पटला नाही, म्हणून हे पत्र.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर लांब पळत जाऊन तो झेलतो. फेकणाऱ्याला त्यासाठी अडीच-तीन सेकंद लागतात. ती मिळवून देतात पुढे फळी करून उभे असलेले पाच लाइनमन, समोरून येणारे धिप्पाड गडी अंगावर घेऊन. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडणं, आयपीएलसारखा लिलाव नव्हे. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि गेल्या हंगामात जो सगळ्यात मागे, तो सगळ्यात आधी निवडतो. म्हणजे वरचा नंबर वर्षभर हरून कमावलेला असतो. तो वाया घालवायचा नसतो.

लायन्सने तो वाया घालवताना मी पाहिलं आहे. २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स रॉजर्स, २००४ मध्ये सातव्यावर रॉय विल्यम्स, २००५ मध्ये दहाव्यावर माइक विल्यम्स. सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत रिसीव्हर! रॉजर्सचं गळपट्टीचं हाड सलग दोन हंगामांत मोडलं. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला रिसीव्हर आंद्रे जॉन्सन आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत आहे. माइक विल्यम्सच्या लगेच नंतर, अकराव्या क्रमांकावर, डॅलसने डिमार्कस वेअर हा बचावपटू घेतला. तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला. २००७ मध्ये पुन्हा रिसीव्हरच, केल्विन जॉन्सन. त्याला घेणं चूक होतं असं मी कधीच म्हणणार नाही. असा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. २०१२ मध्ये त्याने एका हंगामात झेलांवर १९६४ यार्डांचं अंतर काढलं, तो विक्रम होता. पण नऊ वर्षं अंग झिजवून तो निवृत्त झाला तेव्हा प्लेऑफमधला एकही विजय त्याच्या नावावर नव्हता. एकट्याने तो काय करणार होता?

आणि २००८. सोळापैकी सोळा सामने हरलो. त्या वर्षी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला टेनेसीने आम्हाला घरच्या मैदानावर ४७-१० असं लोळवलं. वाहन कंपन्यांचे प्रमुख तेव्हा वॉशिंग्टनमध्ये मदत मागत होते, आणि त्याच डिसेंबरात माझीही नोकरी गेली. दर रविवारी टीव्ही लावायचो. आमचा क्वार्टरबॅक पाठीवर पडलेला दिसायचा आणि चेंडू केल्विनपर्यंत पोचायचाच नाही. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

शाळेत असताना मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचो. टाळ्या चढाईपटूला मिळायच्या, गावच्या जत्रेतला फेटाही त्यालाच बांधायचे. पण साखळी सुटली की सामना गेला, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. इथले लाइनमन मला आमच्या कोपरा-कव्हरवाल्यांसारखे वाटतात.

लेखात रिसीव्हर जमार चेसचा दाखला होता. दाखला खरा आहे. सिनसिनाटीने २०२१ मध्ये पाचव्या क्रमांकावर त्याला घेतलं, लाइनमन पिनाय सूअलला सोडलं आणि त्याच हंगामात ते सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात पोचले. पण तिथे काय झालं तेही सांगायला हवं होतं. त्या सामन्यात त्यांचा क्वार्टरबॅक बरो सात वेळा चेंडूसकट खाली आपटला गेला. शेवटच्या चेंडूवर समोरच्या रॅम्स संघाच्या ॲरन डोनाल्डने त्याला गाठलं, फेक घाईत सुटली आणि जमिनीवर पडली. २३-२० ने गेला सामना. चेस तिथे धावतच होता.

त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर आमची पाळी होती. लायन्सकडे धड रिसीव्हर उरले नव्हते आणि हाइझमन हा कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार जिंकलेला रिसीव्हर डिव्होंटा स्मिथ अजून शिल्लक होता. माझी मुलगी तेव्हा हायस्कूलला होती. स्मिथलाच घ्यायला हवं म्हणून ती माझ्याशी अर्धा तास भांडली. लायन्सने सूअलला घेतलं. व्यवस्थापक ब्रॅड होम्स आनंदाने ओरडत सहकाऱ्यांना मिठ्या मारत होते, ती चित्रफीत इथे सगळ्यांना पाठ आहे. आणि रिसीव्हर? तो चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर मिळाला: आमॉन-रा सेंट ब्राउन. त्याच्याआधी सोळा रिसीव्हर निवडले गेले होते. त्या सोळाही जणांची नावं तो क्रमाने म्हणून दाखवतो. पुढे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात (ऑल-प्रो) त्याची निवड झाली.

नवा रिसीव्हर चार वर्षं स्वस्तात पडतो, हा लेखातला मुद्दा मात्र वजनदार आहे. पण हिशोब पुरा मांडू. २४ एप्रिल २०२४ ला लायन्सने दोघांशी एकाच दिवशी चार वर्षांचे करार केले: सेंट ब्राउनला १२ कोटी डॉलरच्या थोडं वर, सूअलला ११ कोटी २० लाख. म्हणजे नावारूपाला आल्यावर दोघांचे भाव जवळपास सारखेच. मग पहिल्या स्वस्त वर्षांतली बचतही दोन्हीकडे जवळपास तेवढीच झाली ना? फरक मिळण्यात आहे. चांगले रिसीव्हर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही सापडतात. ग्रीन बेने २००३ पासून २०२४ पर्यंत पहिल्या फेरीत एकही घेतला नाही. जेनिंग्स, नेल्सन, कॉब, ॲडम्स सगळे दुसऱ्या फेरीतले, आणि मधे एक सुपर बोलही जिंकून झाला. दीडशे किलोचा, पावलं हलकी असलेला गडी मात्र पहिल्या काही नंबरांतच संपतो.

फळी उभी राहिल्यावर घ्या की रिसीव्हर. आम्हीही २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेमसन विल्यम्सला घेतलं, तोवर डेकर, रॅग्नो आणि सूअल हे लाइनमन आपापल्या जागी होते. जानेवारी २०२४ मध्ये रॅम्सला २४-२३ ने हरवून ३२ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत लोक उणे तापमानात बाहेर येऊन रडत होते.

एक प्रसंग सांगतो. ११ डिसेंबर २०२२, फोर्ड फील्ड, मिनेसोटाविरुद्ध. दोन मिनिटं उरलेली, चेंडू आमच्याकडेच ठेवायला सात यार्ड हवे होते. मी आणि मुलगी वरच्या मजल्यावर होतो. ५८ नंबरचा सूअल जागेवरून सरकला, पुढे पळाला आणि आमचा क्वार्टरबॅक गॉफने चेंडू चक्क त्याच्याकडे फेकला. त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी घेतला, नऊ यार्ड मिळाले, सामना तिथेच जिंकला. शेजारचे आजोबा मला घट्ट बिलगले. आमची आधीची काहीही ओळख नव्हती.

एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या झेलाचं छायाचित्र छापाल, तेव्हा त्याखाली त्या पाच लाइनमनची नावंही द्यावीत.

आपला नियमित वाचक,
नोव्हाय, मिशिगन